टाकीनंतरचं पहिलं दळण

गिरणीवर येणारा माणूस दळायला येत नाही, चोर पकडायला येतो. चोर म्हणजे गिरणीवाला. चाकणला मी बरीच वर्षं पिठाची गिरणी चालवली, आणि त्या सगळ्या वर्षांत "पीठ बरोबर भरलं हो" असं म्हणणारं एकही गिऱ्हाईक मला भेटलं नाही. बाजाराच्या दिवशी डबे आणि पाट्या हारीनं रस्त्यापर्यंत लागायच्या, आणि त्यातल्या प्रत्येक डब्यामागं उभ्या असलेल्या माणसाला ठाम माहीत असायचं की माझ्या घरची भाकरी त्याच्याच पिठाची होते.

धान्य दळताना तापतं, त्यातली ओल उडते, थोडं पीठ चक्कीत राहतं आणि थोडं हवेत जातं. हवेतलं माझ्या भुवयांवर, कानांत, बंडीवर बसायचं. संध्याकाळी मी पांढऱ्या माकडासारखा दिसायचो. ते पीठ लोकांना माझ्या अंगावर दिसायचं नाही, माझ्या घरात दिसायचं.

शिवाय नंबरावरून भांडणं. बाजरीच्या दळणामागं आपले गहू जाऊ नयेत म्हणून बायका मुद्दाम मागं सरकायच्या, आणि मग नंबर गेला म्हणून माझ्या नावानं बोटं मोडायच्या. हरभरा घेऊन कोणी आला की सगळी रांग त्याच्याकडं दरोडेखोर आल्यासारखी बघायची. मी कोणाच्या मागून कोणाचं घालतो यावर गावाचं जेवढं लक्ष होतं, तेवढं शाळेत पोरांना काय शिकवतात यावर असतं तर गावाचं भलं झालं असतं. गिऱ्हाईक देव असतं म्हणणाऱ्यानं एक आठवडा गिरणीवर उभं राहून दाखवावं. मला राग होता त्यांचा. अजून आहे. म्हणून पुढचं सांगताना मी स्वतःला साळसूद म्हणून घेणार नाही.

गिरणी वडिलांनी घातलेली. विहिरीवरचं जुनं तेलाचं इंजिन त्यांनी आणलं, पत्र्याची शेड उभी केली, आणि पहिल्याच वर्षी पट्टा चढवताना डाव्या हाताची दोन बोटं घालवून बसले. मी हाताशी आलो तसे ते दाराशी पोत्यावर बसायला लागले. कोणाचा नंबर कुठं आहे ते त्यांना न बघता सांगता यायचं. बोलायचे कमी. बोटं गेलेला हात मांडीखाली ठेवून बसायची त्यांना सवय होती.

आणि होती वेशीजवळची मावशी. नात्यानं कोणी नाही, सगळं गाव मावशी म्हणायचं म्हणून मीही. कांद्याबटाट्याची बरी शेती होती, घरात दोन मुलगे आणि एक मुलगी. बाई अशी की चक्कीच्या तोंडात धान्य पडलं की हिचा हात खाली कापडाच्या सोंडेत. पीठ चिमटीत धरायचं, चोळायचं, जिभेवर ठेवायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "जाळलंस की रं पीठ." दळण संपलं की सोंड चार वेळा झटकायला लावायची. पाचव्यांदा स्वतः झटकायची. मग वाण्याच्या तराजूवर वजन करून परत यायची, पाव शेर कमी भरलं म्हणून. मी एकदा माझी बंडी काढून तिच्या डब्यावर झटकली आणि म्हटलं, "मावशी, हा घ्या तुमचा पाव शेर." रांग हसली. ती हसली नाही.

त्या हसण्याची परतफेड तिनं पुढच्या बाजाराच्या दिवशी केली. इंजिन नुकतंच बंद केलं होतं, त्यामुळं शेडमध्ये शांतता होती. ती वजन करून परत आली, डबा आपटला आणि माझ्याशी नाही, वडिलांकडं बघून बोलली.

"दोन बोटं उगं न्हाई गेली तुमची. लोकांच्या पिठात हात घातला की देव बघतो."

पंधरावीस माणसं होती. वडिलांनी हात मांडीखालून काढून उपरण्यात गुंडाळला आणि घराकडं निघून गेले. मी दळत राहिलो. दुसरं काय करणार? पण त्या दिवशी तिला मी शिवी दिली असती किंवा डबा लाथाडला असता, तर बरं झालं असतं. राग तिथल्या तिथं संपला असता.

दुसरा दिवस टाकीचा होता. चक्कीचे दगड घासून गुळगुळीत झाले की धान्य नीट दळत नाही, नुसतं चुरडतं. म्हणून आठवड्यातून एकदा गिरणी बंद ठेवायची, वरचा दगड उतरवायचा आणि छिन्नी घेऊन दोन्ही दगडांना बारीक खाचा पाडायच्या. ही टाकी. नंतर कुंच्यानं कितीही झाडा, दगडाचा चुरा खाचांत राहतोच. तो पहिल्या दळणाबरोबर बाहेर पडतो. चाळणीत अडकत नाही इतका बारीक असतो, बोटाला कळत नाही, पण दाताखाली आला की कानापर्यंत जातो. त्यामुळं टाकीनंतरचं पहिलं दळण माणसाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, हा गिरणीचा धर्म. आमच्याकडं फुटकी बाजरी आणि कोंडा यांचा एक डबा त्यासाठीच भरलेला असायचा. टाकी झाली की तो आधी दळून काढायचा. ते पीठ आम्ही चिकटवायच्या खळीला द्यायचो. वडिलांनी मला इंजिन नंतर शिकवलं, हे आधी.

दुपारी दगड बसवून मी हात पुसत होतो तेवढ्यात मावशी दारात. डोक्यावर गव्हाची पाटी.

"आज बंद हाय म्हणू नगंस. उद्या पाव्हणे यायचेत. एवढं काढून दे."

पाहुणे कसले ते तिनं सांगितलं नाही. आमच्याकडं सांगत नाहीत. मुलगी बघायला येणार असं कळलं की मध्ये बिब्बा घालणारे दहा जण निघतात, म्हणून सुपारी फुटेपर्यंत घरातली गोष्ट घरात. मी विचारलंही नाही. कालचं तिचं वाक्य माझ्या कानात तसंच होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याची खूणसुद्धा नव्हती. जशी काही रोजचीच गोष्ट बोलून गेली होती.

कोंड्याचा डबा माझ्या पायाशी होता. मी त्याच्याकडं बघितलं. वडील पोत्यावर बसले होते. मी इंजिनाचं हँडल मारलं, पट्टा चढवला आणि तिची पाटी उचलून सरळ चक्कीच्या तोंडात ओतली.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होतो की तिची घाई होती, म्हणून राहिलं. राहिलं नव्हतं. मी ते केलं, आणि करताना मला बरं वाटलं.

टाकी नवी असली की पीठ रेशमासारखं येतं. मावशीनं चिमटीत घेतलं, चोळलं, आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "झ्याक आलंय." जिभेवर ठेवून बघितलं नाही. सोंडही झटकली नाही. लगबगीनं निघून गेली.

पुढं काय झालं ते चार दिवसांत गावभर झालं. पाहुणे मोशीचे होते. मुलगा पिंपरीला नव्या औषधाच्या कारखान्यात लागलेला, म्हणजे त्या वेळी सोन्याहून पिवळं. पुरणपोळीचं जेवण केलं होतं. मुलाच्या चुलत्यानं पहिला घास घेतला, थांबला, तोंडातून बाहेर काढला आणि विचारलं, "गहू कोणी निवडले?" मावशीनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, पोरीनं. घरातलं सगळं धान्य तीच निवडते. चुलता म्हणाला, "तुमच्यात सूप न्हाई का?" हात धुतला आणि उठला. कळवतो म्हणून गेले, ते गेलेच.

बाहेरच्या माणसाला यात एवढं काय वाटेल. पण आमच्याकडं मुलगी बघायची म्हणजे तिचं निवडणं-टिपणं बघायचं. रंग डावा असला तरी चालवून घेत, निवडणं डावं असलेलं चालवून घेत नसत. जिच्या हातून खडा सुटतो तिच्या हातून घर सुटतं, असं म्हातारी माणसं म्हणायची. मुलगी सतरा वर्षांची होती. नाकीडोळी नीटस, अबोल, मला दादा म्हणायची.

बाजाराच्या दिवशी मावशी आली ती ताटात उरलेलं पीठ आणि वाळलेली अर्धी पोळी घेऊन. रांग भरलेली. तिनं मला इंजिन बंद करायला लावलं.

"टाकीचं पीठ घातलंस माज्या दळणात. कोंडा काढला न्हाईस."

खरं तेच होतं. तिनं बरोबर ओळखलं होतं, आणि तिला ते सिद्ध करता येत नव्हतं, कारण गव्हातला खडासुद्धा चक्कीत जाऊन असाच बारीक होतो. मला हे माहीत होतं. रांगेतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. एवढ्या माणसांत मी हो म्हटलं असतं तर गिरणी त्याच दिवशी बंद पडली असती. गिरणीवाल्यानं मुद्दाम खडे खाऊ घातले, यापुढं कोण दळण आणणार?

"टाकीनंतर मी कोंडा काढला होता," मी म्हणालो. "पहिलं दळण तुमचं नव्हतंच. खडे तुमच्या गव्हात होते, मावशी. निवडलं कोणी ते घरी विचारा."

एवढी भांडकुदळ बाई, पण त्यावर तिला बोलता येईना, कारण बोलायचं तर पोरीचं नाव घ्यावं लागणार होतं. आणि तिनं नाही घेतलं तरी रांगेनं घेतलं. मागून कोणीतरी म्हणालं, "पोरच निवडती की." दुसरी म्हणाली, "ध्यान नसंल." झालं. तेवढ्यावर भागलं. मावशीनं ताट उचललं आणि गेली.

वडील संध्याकाळी घरी जेवताना एवढंच म्हणाले, "डबा भरलेला व्हता त्या दिशी." मी ताटातलं संपवून उठलो. दुसऱ्या दिवसापासून ते गिरणीवर आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणून गावाला सांगितलं. देवळापर्यंत रोज चालत जायचे.

मला वाटलं होतं मावशी आता दळण हातानंच दळेल. चाकणात तेव्हा दुसरी गिरणी नव्हती. पण पुढच्या आठवड्यात दळण आलं, आणि ते मावशीनं आणलं नाही, मुलीनं आणलं. काखेत पाटी, हातात मोठं पितळी ताट. तिचा नंबर आला तसं तिनं पाटीतले गहू ताटात पसरले, ताट माझ्या नाकापुढं धरलं आणि म्हणाली, "बघा."

"काय बघू?"

"खडा हाय का."

दादा म्हणाली नाही. मी वरवर बघितलं आणि मान हलवली.

"मोठ्यानं सांगा."

"नाही खडा," मी म्हणालो.

मग तिनं ते गहू ओतू दिले. पुन्हा पाटीतून ताटात, पुन्हा बघा, पुन्हा मोठ्यानं. चार ताटं झाली तेव्हा पाटी संपली. रांग खोळंबली होती, पण कोणी कुरकुर केली नाही. तमाशा फुकट होता.

तेव्हापासून दर आठवड्याला हेच. गहू असो, ज्वारी असो, बाजरी असो. मी चिडायचो. एकदा म्हटलं, "बाई, मला बाकीची कामं आहेत." ती म्हणाली, "मला न्हाईत. बघा." हट्टात आईच्या वरताण. आई निदान तोंडानं भांडायची, हिच्याशी भांडायलाही काही नव्हतं. ती फक्त ताट धरून उभी राहायची. मला ती गिरणीच्या दारात दिसली की मी उगाच पट्टा तपासायला वळायचो, आणि त्याबद्दल मला तिचाच राग यायचा. दरम्यान तिला आणखी दोन ठिकाणं सांगून आली, आणि दोन्हीकडच्यांनी आधी गावात चौकशी केली. पुढं आलीच नाहीत.

तिचा डाव मला उमगला तो फार उशिरा. वर्ष होत आलं होतं. शेंगा निघाल्याचे दिवस असावेत, कारण रांगेत त्याच गप्पा चालल्या होत्या. तिनं ताट धरलं, मी सवयीनं ओरडलो, "खडा नाही." रांगेत एक म्हातारी होती, दात नसलेली, सगळ्यांची आत्या. ती आपल्या डब्यावर बसल्या बसल्या म्हणाली,

"वरीसभर ऐकतीया मी. हिच्या धान्यात खडा न्हाई म्हणून तूच वरडतोस. मग त्या एकाच दिशी कुठनं आला रं?"

इंजिन बंद होतं. तेल भरायला मीच बंद केलं होतं. सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. मुलगी ताट धरून तशीच उभी होती आणि तिची नजर ताटातल्या गव्हावर होती. वर्षभर ती मला खडा बघायला लावत नव्हती, माझीच साक्ष माझ्याच तोंडून गोळा करत होती. हँडल मारून आवाज काढावा, असं मनात आलं. हात तिकडं गेलाही. पण आत्या म्हणाली, "आधी बोल."

"टाकीचा होता," मी म्हणालो. "कोंडा काढला नव्हता मी."

"इसरलास?"

"नाही."

रांग ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मुलीनं ताटातले गहू पाटीत परत ओतले. मग म्हणाली, "हे मोशीला जाऊन सांगाल?"

दुसऱ्या दिवशी मी सायकल मारत मोशीला गेलो. इंद्रायणीच्या पुलावर परत फिरावंसं वाटलं, खोटं का बोलू. चुलता ओट्यावर बसला होता. मला अंगणात उभं ठेवून त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि घरात हाक मारून म्हणाला, "बघा रं, चाकणचा गिरणीवाला खडा घिऊन आलाय वरसानं." आतून एक नवी सून डोकावली, हिरवा चुडा भरलेली. मुलाचं लग्न झालं होतं. मी म्हटलं, मुलीचा दोष नव्हता, एवढं लक्षात ठेवा. तो म्हणाला, "ठिवतो की. पर म्या पाच गावात सांगून बसलोय. आता तुमीच फिरा आन् उलटं सांगा." पाणीसुद्धा विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

परत येऊन मी तिला वेशीजवळ गाठून सांगितलं की मुलाचं लग्न झालं आहे.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "वैशाखातच झालं."

"मग मला कशाला पाठवलंस?"

"माज्या गव्हात खडा नव्हता, हे त्या घरात कुणीतरी म्हणायला पायजे व्हतं."

गिरणी बंद पडली नाही. माणसांना पीठ लागतं. पण टाकीच्या दुसऱ्या दिवशी चार बायका आधीच येऊन बसायच्या आणि कोंडा माझ्या हातानं चक्कीत पडताना बघायच्या. मी उभ्या जन्मात तेवढी कडक गिऱ्हाइकं बघितली नाहीत, आणि त्यांना मी काही बोलू शकत नव्हतो. वेशीजवळच्या घरातून दळण पुन्हा आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलं, जुन्नरकडं. लग्नघरात पहिली मूठ जात्यावर दळतात ती शकुनाची, बाकीचं सगळं गिरणीवर येतं. त्या लग्नाचं आलं नाही. पंगतीपुरते सगळे गहू मावशीच्या घरी जात्यावर दळले गेले, सहा दिवस. माझ्या रांगेतल्याच बायका आळीपाळीनं जायच्या. मी इंजिन बंद केलं की घरघर ऐकू यायची. गावात गिरणी असताना.

आमंत्रण मात्र आलं, आणि वडील म्हणाले, जायचं. ते माझ्या शेजारीच पंगतीत बसले, दोन बोटं नसलेला हात सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवून. मावशी पोळ्या वाढत होती. वडिलांपुढं थांबली, त्यांच्या हाताकडं बघितलं, आणि न विचारता दोन पोळ्या वाढल्या. मग माझ्यापुढं आली. मी पहिला घास मोडेपर्यंत ती हलली नाही.

"सावकाश खा," ती म्हणाली. "खडा लागला तर मोठ्यानं सांग."

पंगत जेवायची थांबली होती. मी घास चावला, पुन्हा चावला, गिळला.

"नाही लागला," मी मोठ्यानं म्हणालो, आणि ती पुढच्या पानाकडं गेली.